मुक्या पाहुण्याचा खाऊ

घरात नवा जीव आला की त्याच्या मुखी काहीतरी गोड घालावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पाहुण्याच्या हातावर गूळ ठेवला जातो, पोळ्याच्या दिवशी बैलाला पुरणपोळी भरवली जाते. त्यामागचा भाव निर्मळ असतो. परंतु भाव निर्मळ असला म्हणून पचन बदलत नाही. पोळ्यानंतरच्या दोन दिवसांत पोट गच्च झालेल्या, रवंथ थांबलेल्या बैलांवर उपचार करावे लागतात, हे गावोगावचे पशुवैद्यक जाणतात. पुरण, पीठ आणि गूळ एकदम पोटात गेले की कोठीपोटातील आम्लता वाढते, तंतुमय वैरण पचविणारे सूक्ष्मजीव मरू लागतात आणि ज्याच्या गौरवाचा सण, तोच आजारी पडतो.

शहरांत हाच प्रकार लहान प्रमाणावर आणि रोज घडतो. हौसेने आणलेला ससा, गिनी पिग आणि आता क्वचित दिसणारा चिंचिला यांना लळा लावण्यासाठी बेदाणे, शेंगदाणे, बिस्किटे पुढे केली जातात. खाऊ दिला की प्राणी जवळ येतो, म्हणजेच तो आपला झाला, असा समज त्यामागे असतो. हा समज चुकीचा आहे. सलगी जमते ती वेळ आणि नियमितपणा यांतून. खाऊ त्या कामी निमित्तापुरता लागतो आणि तो गोड असण्याची गरज तर मुळीच नाही. हा विषय कृषी विस्ताराच्या कक्षेबाहेरचा वाटेल. पण गवत, तुतीचा पाला, फवारणी आणि साठवण हे सर्व त्यात आहे. त्यामुळे यावर योग्य सल्ला देण्यास विस्तार कार्यकर्त्याइतका समर्थ दुसरा कोणी नाही.

थंड डोंगरावरचा रहिवासी

चिंचिला हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर राहणारा कृंतक प्राणी. वजन साधारण अर्धा किलो; आयुष्य मात्र दहा ते वीस वर्षांचे. त्याच्या एकेका केशमूळातून पन्नासहून अधिक केस उगवतात. या दाट, मऊ फरपायी त्याची इतकी शिकार झाली की १९१० साली चिली, अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि पेरू या देशांना शिकारबंदीचा करार करावा लागला. १९२३ साली मथायस चॅपमन या अमेरिकी खाण अभियंत्याने ११ चिंचिला कॅलिफोर्नियात नेले. आज पाळीव म्हणून दिसणारे बहुतेक चिंचिला त्याच वंशावळीतले मानले जातात. रानातल्या त्याच्या दोन्ही प्रजाती आजही संकटग्रस्त आहेत. त्यांच्यासाठी चिलीत १९८३ साली स्वतंत्र राखीव क्षेत्र स्थापन झाले.

हा इतिहास सांगण्याचे कारण इतकेच की, जो कोट त्याला थंडीत वाचवतो, तोच आपल्या हवेत त्याचा घात करू शकतो. चिंचिलाला घाम येत नाही. तापमान साधारण २७ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, त्यात हवा दमट असली, की त्याला उष्माघात होऊ शकतो. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर आहे आणि तेथील हवा सौम्य म्हणून नावाजलेली आहे. तरीही एप्रिलमध्ये तेथील दुपारचा पारा ३४-३५ अंशांवर जातो. म्हैसूरची ही स्थिती, तर जालना, परभणी किंवा अकोला येथील मे महिन्याबद्दल वेगळे बोलण्याची गरज नाही. चोवीस तास चालणारे वातानुकूलन आणि वीज गेल्यास पर्यायी सोय नसेल, तर हा प्राणी घरी आणणे म्हणजे त्याला भट्टीत ठेवणे होय. म्हणून विचारणाऱ्यास पहिला सल्ला 'आणू नये' हाच द्यावा. ज्याच्या घरी तो आधीच आला आहे, त्याला मात्र नुसती नापसंती ऐकवून परत पाठवू नये. पुढील विवेचन त्याच्यासाठी आहे आणि त्यातील बराचसा भाग ससा व गिनी पिग यांनाही लागू पडतो.

माणसाळण्याची वाट

प्राण्याचा विश्वास कसा मिळवावा, याचा मोठा धडा म्हैसूरमध्येच दरवर्षी पाहायला मिळतो. दसऱ्याच्या काही आठवडे आधी वनखात्याच्या छावण्यांतील हत्ती म्हैसूरच्या राजवाड्याच्या आवारात आणले जातात. त्यांच्यासोबत माहूत, कावाडी आणि त्यांची कुटुंबेही तेथेच मुक्कामाला असतात. अंघोळ, वैरण आणि फेरफटका या सर्व गोष्टी रोज ठरल्या वेळी, ओळखीच्याच हातांनी होतात. विजयादशमीला सुमारे ७५० किलो वजनाची सुवर्ण अंबारी वाहायची असते. म्हणून आधी वाळूच्या पोत्यांचे ओझे देऊन, ते टप्प्याटप्प्याने वाढवून सराव घेतला जातो. तोफांच्या आवाजाने हत्ती बुजू नयेत, यासाठी उत्सवापूर्वी तोफा उडवून त्यांना तो आवाज ऐकवला जातो. आवाज झाला, पण अपाय झाला नाही, हा अनुभव पुन्हा पुन्हा आला की भीती ओसरते. प्राणिवर्तनशास्त्रात याला सवयीकरण म्हणतात. माहूत ते शास्त्राचे नाव न घेता पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत.

काही हजार किलोंच्या हत्तीला जो नियम लागू पडतो, तोच अर्धा किलोच्या चिंचिलालाही. रानात तो सतत दुसऱ्याचे भक्ष्य होण्याच्या धोक्यात जगतो. ससाण्यासारखा वरून येणारा हात त्याच्या लेखी शत्रूच असतो. म्हणून पिंजरा घरातील शांत, सावलीच्या जागी ठेवावा आणि पहिले काही दिवस त्याला उचलण्याचा प्रयत्नच करू नये. चिंचिला संध्याकाळनंतर जागा होतो. दुपारी त्याला झोपेतून उठवून खेळवणे म्हणजे ओळखीची सुरुवातच बिघडवणे आहे. रोज संध्याकाळी एकाच वेळी पिंजऱ्याशेजारी बसावे, हळू आवाजात बोलावे, एवढेच पुरे. समोर माणूस असताना प्राणी निर्धास्तपणे खाऊ लागला, म्हणजे पहिली पायरी पार पडली.

त्यानंतर पिंजऱ्याच्या तळाशी उघडा तळहात ठेवावा आणि त्यावर गवताची एक काडी द्यावी. प्राण्याने हुंगले, मिशा लावल्या, दातांनी हलके चाचपले, तरी हात झटकन मागे घेऊ नये. तो आपण होऊन हातावर येईपर्यंत थांबावे. त्यास आठवडे लागतील, कधी महिनेही लागतील. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली असावा. बरगड्या नाजूक असतात, म्हणून दाबू नये. घाबरलेला चिंचिला फरचा झुबका शत्रूच्या हाती सोडून निसटतो. घरात असा झुबका हाती येणे म्हणजे घाई झाली, याची ती खूणच असते.

येथे खाऊचे स्थान नेमके समजून घ्यावे. विशिष्ट गंध आला की साखरपाक मिळतो, ही सांगड मधमाशीसुद्धा थोडक्या सरावात शिकते. प्राणी चव आणि प्रसंग एकत्र लक्षात ठेवतो. म्हणून खाऊ किती गोड आहे यापेक्षा तो कोणत्या क्षणी दिला याला महत्त्व आहे. प्राणी आपण होऊन जवळ आला, त्याच क्षणी दिलेले तुतीचे अर्धे वाळलेले पानही पुरेसे बक्षीस ठरते. पळणाऱ्या प्राण्याला थोपवण्यासाठी बेदाणा दाखवला, तर तो शिकतो एवढेच की पळाल्यावर बेदाणा मिळतो.

पोटाचा हिशेब

गाय-म्हैस वैरण आंबवते ती पोटाच्या पुढच्या भागात. चिंचिला, ससा, घोडा आणि हत्ती ती आंबवतात आतड्याच्या मागच्या भागात. जागा वेगळी, पण कामगार तेच, म्हणजे तंतू पचविणारे सूक्ष्मजीव. त्यांना सतत कोरडे, तंतुमय गवत हवे असते. साखर आणि पिष्ट अचानक वाढले की त्यांचा समतोल ढळतो, वायू साचतो, आतड्यांची हालचाल मंदावते. चिंचिलाला आणि सशाला उलटी होत नाही. पोटात गेलेले चुकीचे अन्न मागे फिरवण्याची सोयच निसर्गाने ठेवलेली नाही. शिवाय या प्राण्यांचे दात जन्मभर वाढतात. गवत चघळण्याच्या कष्टानेच ते झिजतात. मऊ, गोड खाऊने पोट भरले की दात वाढतच राहतात, मग तोंडात जखमा होतात आणि प्राणी उपाशी राहू लागतो.

प्रमाणाचा हिशेबही मांडून पाहावा. एक बेदाणा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. अर्धा किलोच्या चिंचिलाच्या तो हजारावा भाग झाला. पन्नास किलो वजनाच्या माणसाला त्या प्रमाणात पन्नास ग्रॅम बेदाणे खावे लागतील. मुलांनी कौतुकाने दहा बेदाणे भरवले, तर ते माणसाने एका बैठकीत अर्धा किलो बेदाणे खाण्यासारखे झाले. 'एवढासा तर दिला' या वाक्यातला 'एवढासा' माणसाच्या मापाचा असतो, प्राण्याच्या नव्हे.

यावर कोणी म्हणेल, दसऱ्याच्या हत्तींना तर उडीद, मूग, गहू, उकडा तांदूळ, गूळ, नारळ असा भारी खुराक मिळतो. मग बाकीच्यांनाच पथ्य का? उत्तर त्या व्यवस्थेतच आहे. त्या खुराकाबरोबर हिरव्या फांद्या, गवत आणि पेंढा यांचा मोठा भारा असतोच. रोजची चाल आणि ओझ्याचा सराव असतो. पशुवैद्यक हजर असतात आणि हत्तींचे वजन करून त्याची नोंद ठेवली जाते. पिंजऱ्यातल्या प्राण्यापाशी यांतले काहीच नसते. भारी खुराक उचलायचा, पण कष्ट आणि देखरेख सोडून द्यायची, ही नक्कल अर्धवट आहे.

मग द्यावे काय? दिवसरात्र समोर स्वच्छ, वाळलेले, हिरवट छटेचे गवत. हेच मुख्य अन्न. मारवेल किंवा पवन्यासारखे गवत फुलोऱ्याच्या सुमारास कापून, सावलीत वाळवून ठेवल्यास उत्तम. लसूणघासात चुन्याचे प्रमाण अधिक असल्याने तो प्रौढ प्राण्याला रोज न देता अधूनमधून थोडा द्यावा. ज्वारीचे कोवळे पोंगे मुळीच देऊ नयेत. त्यांतील विषारी घटकाचा फटका जनावरांना बसतो, हे शेतकऱ्याला ठाऊक आहेच. खाऊ म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा तुतीचे एखादे वाळलेले पान, चिमूटभर ओट, जास्वंदाची वाळलेली पाकळी यांपैकी काहीतरी एक द्यावे. कुरतडायला तुतीची वाळलेली काडी चांगली. शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया, हरभरा, मका, फळांचे गोड तुकडे, पोळी आणि बिस्किटे टाळावीत. गिनी पिगला मात्र जीवनसत्त्व क शरीरात तयार करता येत नाही, म्हणून त्याला रोज ताजी हिरवी भाजी लागते. तिन्ही प्राणी एकाच मापाने मोजणे बरे नाही.

तुतीचे पान आणि फवारणीची तारीख

तुतीचे नाव निघाले की म्हैसूर आठवतेच. केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्था तेथे आहे आणि तिनेच विकसित केलेला व्ही-१ हा तुतीचा वाण महाराष्ट्रातील रेशीम उत्पादकांच्या शेतांतही रुजलेला आहे. तुतीच्या पाल्यात प्रथिने भरपूर असतात, म्हणून शेळी, ससा यांना तो आवडतो. मात्र पाला पौष्टिक आहे एवढ्यावरून तो निर्धोक ठरत नाही.

रेशीम शेतकऱ्याकडे या बाबतीत एक मोठी शिस्त आहे. फवारणीनंतरचा सुरक्षित काळ पाळला नाही, तर अळ्या डोळ्यांदेखत मरतात. रेशीम अळी ही विषाची चालतीबोलती परीक्षाच होय. म्हणून संगोपनाखालील बागेतील पाला इतर पाल्यापेक्षा अधिक जपून पिकवलेला असतो. तुतीवरील पिठ्या ढेकणासाठी परभक्षी भुंगेरे सोडण्याची पद्धत आहे. २०१० साली पपईवरील पिठ्या ढेकणाविरुद्ध परदेशातून आणलेल्या परजीवी माशीने दक्षिणेतील तुतीच्या बागाही सावरल्या. विषाविना कीड रोखता येते, याचे तुतीइतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

तरीही तीन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली, अळीला न बाधणारे द्रव्य अर्धा किलोच्या सस्तन प्राण्याला बाधणार नाहीच, असे गृहीत धरता येत नाही. बुरशीनाशके अळीला फारशी जाणवत नाहीत, पण त्यांचे अंश पानावर राहू शकतात. दुसरी, संगोपनगृहातील उरलेला पाला घरच्या सशाला टाकण्याची सवय घातक आहे. त्यावर चुना आणि निर्जंतुक भुकटी धुरळलेली असते. तिसरी, जुन्या बाटल्या. डायक्लोरव्हॉस हे एके काळी तुतीवर सर्रास फवारले जाणारे द्रव्य ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. कोनाड्यात उरलेली बाटली आता वापरणे बेकायदा आणि धोक्याचे, दोन्ही आहे.

साठवणीतही हीच काळजी घ्यावी. बुरशी लागलेले, कुबट वासाचे गवत फेकून द्यावे. वरचा थर काढून उरलेले वापरू नये. गोळी खाद्यात तांबडा भुंगा झाला तर ते उन्हात घालून पुन्हा डब्यात भरण्याऐवजी टाकून द्यावे आणि पुढच्या वेळी महिन्यापुरतेच आणावे. धान्यात ठेवलेल्या विषारी वायूच्या गोळ्या ज्या खोलीत असतील, तेथे लहान प्राणी क्षणभरही ठेवू नये. चिंचिला पाण्याने न्हात नाही, बारीक ज्वालामुखी मातीत लोळून अंग स्वच्छ ठेवतो. त्या मातीऐवजी चुना, चुलीतली राख किंवा पिसवा मारण्याची भुकटी वापरण्याचा विचारही करू नये.

शेतकऱ्याला यातून काय?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. स्वच्छ वाळवलेले गवत, तुतीच्या काड्या, वाळवलेली पाने यांना शहरांत थोडे गिऱ्हाईक मिळू शकते. रेशीम उत्पादकाकडे छाटणीच्या काड्या वाया जातातच. मात्र विकताना पुडक्यावर कापणीची आणि शेवटच्या फवारणीची तारीख, फवारलेल्या द्रव्याच्या नावासह, लिहिलेली असली पाहिजे. ही एक सवय लागली तर तिचा लाभ पाळीव प्राण्यांपुरता राहणार नाही. भाजीपाला आणि वैरण विकतानाही तीच नोंद विश्वास मिळवून देईल.

दुसरा भाग सावधगिरीचा. परदेशी प्राण्यांच्या पैदाशीतून झटपट पैसा मिळतो, अशी आमिषे शेतकऱ्यांनी याआधीही ऐकली आहेत. २०१२ च्या सुमारास इमू पालनाचा फुगा फुटला आणि खाद्याविना पक्षी मोकळे सोडण्याची वेळ आली. २०१९ मध्ये कडकनाथ कोंबडीच्या योजनांनी महाराष्ट्रातच अनेक कुटुंबांची पुंजी बुडवली. पिल्ले विकणारा तोच आणि परत विकत घेणाराही तोच, अशी योजना जेव्हा जेव्हा पुढे येते, तेव्हा बाजारपेठ अस्तित्वातच नसते. चिंचिलाच्या बाबतीत तर फरचा मोह दाखवला जाण्याची शक्यता अधिक. जानेवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने चिंचिलाच्या फरच्या आयातीवर बंदी घातली, यावरून धोरणाची दिशा स्पष्ट आहे. शिवाय सूचीतील परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांसाठी २०२४ चे नोंदणी नियम लागू झाले आहेत. कोणताही परदेशी प्राणी घेण्यापूर्वी त्याची पावती, त्याचा उगम आणि त्याला नोंदणी लागते का, हे वनखात्याकडे विचारून घेणे हाच सुरक्षित मार्ग.

प्राण्यांची आवड असलेल्या मुलांसाठी याहून चांगली वाट म्हैसूरनेच दाखवली आहे. १८९२ साली स्थापन झालेल्या तेथील चामराजेंद्र प्राणिसंग्रहालयात प्राणी दत्तक योजना आहे. ठरावीक रक्कम भरून एखाद्या प्राण्याच्या खाद्याचा भार उचलता येतो; प्राणी मात्र जाणकारांच्या हाती राहतो. प्रेक्षकांनी प्राण्यांना खाऊ घालण्यास तेथे मनाई आहे, हेही मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे. भरवण्याचा आनंद माणसाला होतो, परिणाम मात्र प्राण्याला भोगावा लागतो.

रेशीम अळीला कोणाचा लळा लागत नाही. तरीही चांगला संगोपक तिच्या प्रत्येक अवस्थेला साजेसे पान निवडतो. बाल्यावस्थेत कोवळे, प्रौढावस्थेत पक्व. पाचव्या अवस्थेत ती आयुष्यभराच्या पाल्यापैकी चार पंचमांशाहून अधिक पाला खाते, हे जाणून तो आधीच तयारी ठेवतो. परतफेडीची अपेक्षा नसतानाही ही काळजी घेतली जाते, कारण कोण काय पचवू शकते हे त्याला ठाऊक असते. हेच ज्ञान विस्तार कार्यकर्त्यांनी पिंजऱ्यातल्या सशापर्यंत, गोठ्यातल्या बैलापर्यंत आणि शहरातल्या हौशी कुटुंबापर्यंत पोहोचवावे. यंदाच्या पोळ्याला पुरणपोळीचा एक घास मानाचा म्हणून द्यावा आणि बाकीचे पोट वैरणीने भरावे, एवढे सांगण्यापासून सुरुवात केली तरी पुष्कळ होईल.